रेशमात अडकणारी बोटं

सकाळी तोंड पुसताना टॉवेलचा धागा अंगठ्याला अडकला. ओढून सोडवला आणि पाहिलं, तर नखाच्या कडेला बारीक चीर. काल ती नव्हती. म्हणजे हवा फिरली.

पाऊस ओसरला की बेंगळुरूत असे दिवस येतात. उन्हात बसलं तर चटके बसतात, सावलीत सरकलं तर शहारा येतो. वाळत घातलेले कपडे दुपारपर्यंत पापडासारखे कडक होतात. पुण्याहून आलेले पाहुणे खिडकीशी उभे राहून म्हणतात, काय सुंदर हवा आहे हो तुमच्याकडे. मी त्यांना चहा देते आणि हात पदराखाली घेते.

मी मूळची चिपळूणची. आमच्याकडे कातडीला कोरडं पडायला सवडच मिळत नाही. अंगाला सदा घाम नाहीतर पाऊस, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं. हातापायांना काही लावायचं असतं हे मला लग्न होऊन इथे येईपर्यंत माहीत नव्हतं. आले ती ऐन थंडीत. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी विनोद केला, मी हसले आणि खालचा ओठ मधोमध फाटला. सासूबाईंनी वाटीत लोणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "स्वल्प दिवस हळू हस गे. इथलं असंच."

सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात, मीही म्हणते. त्यांचं घराणं किती पिढ्या इथलं ते कुणालाच धड सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलेलं, की पहिलं वर्षभर मी निम्मं बोलणं अंदाजाने समजून घेत होते. पण एक गोष्ट त्यांनी मला न बोलता शिकवली. शेजारी बसवून, हाताने. रेशमी साडीच्या पदराला गोंडे बांधायची कला. इकडे त्यांना कुच्चू म्हणतात. पदराच्या काठाशी सुईने रेशमाचे धागे ओवायचे, त्यांची जुडी धरायची, जरीच्या तारेने गळा आवळायचा, मग पुढची जुडी. सगळे गोंडे एका उंचीचे, एका जाडीचे आले पाहिजेत. पदर खांद्यावरून सोडला की ते एकदम हलले पाहिजेत, एखादा मागे राहता कामा नये.

आणि अक्कांचा नियम असा, की रेशमाच्या खोलीत तेलाचा हात येणार नाही. चहा प्यायलात, हात धुवा. केसांना हात लागला, हात धुवा. कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा धुवा. साबणाने धुवायचे, कोरडे पुसायचे, वर तळहातावर टाल्कम पावडर चोळायची. रेशमावर तेलाचा डाग एकदा पडला की तो साडीबरोबरच जातो, असं त्या सांगत. मला शिस्त आवडते. मी तो नियम त्यांच्यापेक्षाही कडक केला. त्या अंगाचा साबण वापरत, मी भांड्यांची वडी वापरू लागले. ती चिकटपणा जास्त काढते.

आता या कामाचा हंगाम बघा. धनुर्मासात लग्नं होत नाहीत. संक्रांत उलटली की मुहूर्त सुरू होतात आणि सगळ्या नवऱ्यामुलींना साड्या त्याआधी तयार हव्या असतात. म्हणजे वर्षातला सगळ्यात कोरडा महिना तोच माझ्याकडे रेशीम येण्याचा महिना. वर्षानुवर्षं हे दोन्ही एकत्र येत होते आणि माझं काही बिघडत नव्हतं. थोडी टाच फाटायची, थोडे हात खरखरायचे, होळीपर्यंत ठीक. पन्नाशी आली, पाळी गेली आणि अंगातलं कसलंतरी वंगण तिच्याबरोबर निघून गेलं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. गुडघे दुखतील, चिडचिड होईल, रात्री घाम येईल, हे सगळं सांगितलं. कातडीचं कुणी बोललं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो धनुर्मास. कपाटात साड्यांची चळत लागलेली आणि माझी बोटं तडकायला लागली. आधी अंगठे, मग दोन्ही हातांच्या तर्जनी, मग पेरांवर आडव्या चिरा. अवरेकाईचे, म्हणजे इकडच्या पावट्याच्या शेंगांचे दिवस होते. बाजारात गेलं की त्या शेंगांच्या वासाने पिशवी उघडावीच लागते. मग भिजवलेला एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. त्या वर्षी मी मूठभर दाणे सोलले आणि पातेलं बाजूला सरकवलं. चिंचेचा कोळ काढता येईना. लिंबू पिळता येईना. संक्रांतीसाठी सुकं खोबरं आणि गूळ बारीक चिरायचा असतो, तर विळीवर बोटांची पकड बसेना. कणीक चिरांत जाऊन बसायची आणि तिथेच सुकायची.

सल्ले आले. शेजारणीने एरंडेल सांगितलं. बहिणीने फोनवर साय सांगितली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी ग्लिसरीन, गुलाबपाणी आणि वर लिंबू सांगितलं. ते लावल्यावर मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पाय आपटले. यातलं काही दिवसा लावून ठेवणं शक्यच नव्हतं. अडचण तीच होती. हाताला काही लावलं तर रेशमावर डाग पडणार. नाही लावलं तर कातडी रेशमात अडकणार. दोन्हीकडून साडीच जाणार.

कोरडं बोट रेशमावरून फिरलं की एक आवाज येतो. अगदी बारीक, चर्र असा. ज्याने हे काम केलं नाही त्याला तो ऐकू येणार नाही. मला तो दुसऱ्या खोलीत गेल्यावरही ऐकू यायचा.

मी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. बोटांना औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावली. तिच्या कडेचा डिंक धाग्याला लागला. नोटा मोजणारे घालतात तशा रबरी टोप्या बोटांवर चढवल्या. गाठ हातातून निसटली. शेवटी नखं घासायची कानस घेतली आणि बोटांची टोकं घासून काढली. अर्धा तास ती काचेसारखी गुळगुळीत झाली. मी खूश झाले. संध्याकाळपर्यंत त्याच जागी अशा भेगा पडल्या, की चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागला.

श्रीकांत, माझा नवरा, वर्तमानपत्र वाचत होता. न बघताच म्हणाला, "सोडून दे ना मग. घर काही त्यावर चालत नाही."

"तुझ्या पेपरवरही चालत नाही. उद्यापासून बंद करू?"

त्याने पेपर खाली ठेवला. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

तसंच होतं. त्याचं चुकलंही नव्हतं. घर चालायला त्याचा पगार पुरतो. पण लग्नाआधी मी शिकवत होते, इथे आल्यावर भाषेने शाळा बंद केली, आणि मग जे काही माझं म्हणून उरलं ते या बोटांत होतं. हे त्याला सांगायला बसले असते तर रडू आलं असतं. मला रडायला आवडत नाही. मी उठले आणि हात धुतले.

मृण्मयीची साडी पोपटी होती, पदर गर्द लाल. ही मुलगी पुण्याची, एचएसआर लेआउटमध्ये राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. संक्रांतीनंतर लगेच तिचं लग्न होतं. पदराचा एक तृतीयांश काठ बांधून झाला होता. पुढची जुडी घ्यायला मी पदर सपाट केला. अंगठ्याच्या चिरेची कड विणीत अडकली आणि मला कळायच्या आत हात पुढे सरकला होता.

रेशमाचा एक धागा ताणला गेला तर सगळा पदर आडवा आक्रसतो. लाल पदरावर वीतभर लांबीची एक सुरकुती उमटली. मग सुई घेतली, मागच्या बाजूने तो ओढलेला धागा कणाकणाने परत सरकवत नेला. ऊन एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेलं. बराचसा परत बसला. पण प्रकाशात तिरकं धरलं की एक रेघ दिसायची, पाण्यावर वारा गेल्यासारखी. त्या रेघेशेजारी एक लाल ठिपका होता. पदर लाल म्हणून निभावलं.

मी मृण्मयीला फोन करून बोलावलं. रविवारी स्कूटरवर आली. मी पदर उजेडात धरला.

"इथे बघ. धागा ओढला गेलाय. माझ्या हातून."

"कुठे? काकू, मला दिसतच नाहीये."

"इथे. तिरकं बघ."

"अहो, मी त्या दिवशी इतकी नाचणार आहे ना, पदर कुणाला दिसणारच नाही." मग तिने माझा हात पाहिला. तिचं हसू गेलं. "काकू, हे काय आहे? कुणाला दाखवलंत का?"

"थंडीचं आहे. जाईल."

"थंडीने असं होत नाही. माझ्या आजीचे पायसुद्धा असे नव्हते." तिने तिथेच मोबाइल काढला आणि तिच्या घराजवळच्या कातडीच्या डॉक्टरणीची वेळ ठरवून टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. एरवी मी असल्या आगाऊपणाला चांगलं उत्तर देते. त्या दिवशी दिलं नाही.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्याशी हिंदीत बोलली. हात उलटेसुलटे करून पाहिले, भिंग लावलं. विचारलं, "दिवसातून किती वेळा धुता?"

"मोजत नाही. कामाच्या वेळी सारखेच. स्वच्छ ठेवावे लागतात."

"कशाने?"

मी भांड्यांच्या वडीचं नाव सांगितलं. मग पावडरीचंही सांगितलं. ती लिहायची थांबली.

"मॅडम, तुम्ही ज्याला चिकटपणा म्हणता ना, तो मळ नाही. तो तुमचा स्वतःचा आहे. आतलं पाणी तोच धरून ठेवतो. तुम्ही तो रोज खरवडून टाकलात, वरून पावडरीने उरलासुरला टिपून घेतलात. आता पाणी उडून जातंय आणि साबण आत जातोय. हा नुसता कोरडेपणा राहिलेला नाही. सूज आहे."

मला ऐकता ऐकता रेशीम आठवलं. कोशातून निघालेलं रेशीम ताठ असतं, राठ असतं. त्याच्यावर त्याचाच डिंक असतो. साबणाच्या पाण्यात उकळून तो डिंक काढतात, तेव्हा कुठे ते मऊ होतं, चमकतं. आयुष्याची इतकी वर्षं रेशमाशेजारी बसून मी कातडीलाही तोच न्याय लावला होता. धुवा, काढा, उघडं करा, म्हणजे मऊ होईल. कातडीचं नेमकं उलटं आहे. तिचा डिंक काढला की ती राठ होते.

"आता काय करायचं ते सांगा," मी म्हटलं.

तिने सांगितलं. एक औषधी मलम थोडे दिवस, तेही ती सांगेल तितकेच. दुसरं साधं, जाड, बिनवासाचं, दिवसभर, प्रत्येक वेळी हात ओले झाले की. हात पूर्ण कोरडे पुसायचे नाहीत, ओल असतानाच लावायचं. पाणी कोमट. आंघोळ लवकर उरकायची, कढत पाणी नको. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी मोजे. लिंबू, लसूण, चिंच यांना हात लावायचा नाही. हे सगळं मला पटलं. पटण्यासारखंच होतं.

"आणि सहा आठवडे रेशीम नाही. पावडर तर कधीच नाही."

"संक्रांतीनंतर लग्नं आहेत. माझं काम तेच आहे."

"मला समजतंय." तिला खरंच समजत असावं. तिने चष्मा काढला. "पण अजून एक सांगते. आठवडा-दोन आठवड्यांत हे दिसायला बरं होईल. तेव्हा ते बरं झालेलं नसेल. वरून नीट दिसणारी कातडी आतून कच्ची असते, कित्येक महिने. बायका तिथेच फसतात."

घरी येताना रिक्षात मी दोन्ही तळवे वर करून बसले होते. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. त्याला वाटलं असेल, बाई काहीतरी मागतेय.

बाकीच्या साड्या परत केल्या. एकेकीला फोन केला, प्रत्येकीने हळहळ केली आणि दुसऱ्या कुणाकडे देऊ ते विचारलं. मृण्मयीची साडी मात्र अर्धवट झालेली होती आणि दुसरा कुणी दुसऱ्याच्या अर्धवट कामाला हात लावत नाही. शिवाय तिच्या बाबतीत मी हट्टाला पेटले होते.

अक्का म्हणाल्या, "आण इकडे. मी बांधते."

"तुम्हाला दिसत नाही."

"तुला दिसतंय नव्हे? तू सांग, मी बांधते. सरी?" सरी म्हणजे ठीक.

अक्कांनी ते काम सोडून कितीतरी वर्षं झाली होती. पण त्यांचे हात, काय सांगू. पातळ कातडी, सुरकुत्या, आणि त्या सुरकुत्यांवरून रेशीम असं घसरत होतं की मला हेवा वाटला. आम्ही दोघी गच्चीत उन्हाकडे पाठ करून बसलो. पदर पाटावर पसरलेला. माझे हात मांडीवर, मलमाने चकाकणारे.

"कुठे घालू सुई?"

"दोन धागे डावीकडे. तिथे नाही, डावीकडे."

"डावीकडेच आहे की. चिपळूणची डावी वेगळी असते काय गे?"

"बरं, तुमच्या उजवीकडे. हां. आता जुडी धरा. तार फिरवा. ओढा."

"किती?"

"पुरे होईपर्यंत."

"म्हणजे किती ते सांग."

मला सांगता येईना. किती ओढायचं हे मला कधी माहीतच नव्हतं, ते बोटाला माहीत होतं. तार आवळत आली की अंगठ्याच्या पेराला एक सूक्ष्म टोचणी लागते आणि हात थांबतो. त्या पेरावर आता भेग होती आणि भेगेवर मलम. शिकवणारी माझ्यासमोर बसून मला विचारत होती. दुखण्याची भीती मला नव्हती. दुखणं सोसता येतं. त्या क्षणी मला कळलं, की कातडी गेली तर नुसती कातडी जात नाही, मला जे येतं ते जातं. आणि ते गेलं तर या गावात माझी ओळख देणारं दुसरं काही माझ्याजवळ नाही.

एक गोंडा वाकडा आला. माझा हात आपोआप पुढे गेला. अक्कांनी मनगटावर फटका मारला.

"हात मागे!"

"वाकडा झालाय तो."

"असू दे. मुलगी नाचणार आहे म्हणाली नव्हे? नाचताना कोण बघतंय."

असे आम्ही ते गोंडे पुरे केले. मृण्मयी साडी घेऊन गेली, खूश होती. लग्नानंतर तिने फोटो पाठवला. पदर हवेत, सगळे गोंडे उडालेले. तिला त्यांतले कुणाचे कोणते ते कळणार नाही. मला कळले. मी फोटो मोठा करून एकेक पाहिला, आणि मग मोबाइल उपडा ठेवला.

उन्हाळ्यात हात छान झाले. त्या पावसाळ्यात तर कुणी म्हणालं असतं, यांना काय झालं होतं. मी नियम सोडले नाहीत. भांड्यांची वडी घराबाहेर गेली, पावडरीचा डबा गेला. गेल्या वर्षी धनुर्मास आला आणि मी विचार केला, तीनच साड्या घ्यायच्या, सावकाश. मधेमधे मलम, मग ते पूर्ण जिरेपर्यंत बसून राहायचं, मग स्वच्छ सुती फडक्याने हात टिपून काम. पहिली साडी झाली. दुसऱ्या साडीच्या मध्यावर पुन्हा तो चर्र. डॉक्टरणीने सांगितलं होतं आणि मी लक्षपूर्वक ऐकलं होतं. तरीही वाटलं होतं, की माझं तसं होणार नाही, मी सगळं नीट करते ना. नीट केलं म्हणून काही होतं असं नाही. स्वयंपाकात होतं, हिशेबात होतं. कातडीला त्याच्याशी घेणं नसतं.

त्या दुसऱ्या साडीचं उरलेलं काम अक्कांनी केलं नाही, ती तशीच अर्धवट परत गेली. त्यांचे हात आता कापतात. सुई ओवून द्या म्हणतात आणि ओवून दिली की मांडीवर ठेवून झोपतात.

आज सकाळची ती चीर पाहून मी मलम लावून बसले, तेवढ्यात फोन वाजला. पद्माक्का होत्या, हेब्बाळच्या. त्यांच्या थोरल्या दोन्ही मुलींच्या साड्या मी बांधल्या होत्या. मी फोन टेबलावर ठेवून कोपराने स्पीकर लावला.

"वासंती, धाकटीचं ठरलं गे! संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात. साडी कधी आणू? तुझ्याच हातचे कुच्चू हवेत म्हणते ती. दुसऱ्या कुणाचे नको."

मी अंगठ्याकडे पाहिलं. एवढीशी चीर. कुणाला दाखवली तर हसेल. एक साडी. मी मनात पदर लावून पाहिला, जुड्या लावून पाहिल्या, दिवस लावून पाहिले. जमत होतं. नेहमीच असं वाटतं, की जमतंय.

"पद्माक्का, या वर्षी नाही जमायचं."

"अय्यो, का गे? खूप आल्यात का?"

"एकही नाही घेतली. हात साथ देत नाहीत."

"अजून तेच आहे काय? मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही नाही," मी म्हटलं. हे मी आधी ठरवलं नव्हतं. बोलल्यावर कळलं की ठरलं होतं.

मग पद्माक्का म्हणाल्या, "सरी. दुकानात देते मग. लग्नाला मात्र यायचं हं, सगळ्यांनी." त्या पुढेही बोलत राहिल्या, हॉलचं, जेवणाचं, जावयाच्या नोकरीचं. मी हं हं म्हणत राहिले. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.

आतून अक्कांनी विचारलं, "कोण होतं?"

"पद्माक्का. धाकटीचं लग्न ठरलंय."

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "साडी कधी आणतायत?"

मलम अजून जिरलं नव्हतं. ते जिरेपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो, म्हणून तळवे वर करून मी खुर्चीत तशीच बसून राहिले.